आल्प्सच्या दऱ्यांतील गाळाचे वय : एक आढावा

स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनी गावाजवळ ऱ्होन नदीची दरी रुंद आणि तळाशी सपाट आहे. जर्दाळूच्या बागा, महामार्ग, रेल्वे, सारे या सपाटीवर वसले आहे. मूळ खडक मात्र तिथे जमिनीखाली जवळपास एक किलोमीटरवर लागतो. मधली सगळी जाडी गाळाची आहे : हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे, बर्फ वितळल्यावर तयार झालेल्या तळ्यातली चिकणमाती, तिच्यावर नदीची वाळू आणि बाजूच्या ओढ्यांनी लोटलेली खडी. ऑस्ट्रियातील बाड आउसे येथे एक विंधनविवर आठशे मीटरहून खोल गेले तरी त्याला गाळच लागत होता. इन, ऱ्हाइन, साल्झाख, आरे, आदिजे या दऱ्यांचीही कमीअधिक हीच कथा. हिमनद्यांनी खडक इतका खोल कोरला की काही दऱ्यांचा खडकाळ तळ आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे.

हा गाळ नेमका कधी साचला? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मिळवणे फार अवघड ठरले आहे, कारण नवी हिमनदी येते ती आधीच्या हिमनदीचा पुरावा खरवडूनच. जे उरते ते अर्धेमुर्धे आणि विखुरलेले असते. तरीही या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. हिमयुगात युरोपचे हवामान कसे बदलत गेले हे कळण्याचा एक रस्ता या गाळातून जातो. दऱ्यांमधल्या शहरांचे भूजल याच थरांत साठलेले आहे. अणुकचऱ्याचा प्रश्नही येथे येऊन भिडतो. स्वित्झर्लंडमध्ये अणुकचरा जमिनीत खोल पुरण्याची जबाबदारी असलेल्या नाग्रा या संस्थेने २०२२ मध्ये देशाच्या उत्तरेकडील न्योर्डलिख लेगर्न ही जागा सुचवली. तिथली सुरक्षितता दहा लाख वर्षांच्या हिशेबाने तपासावी लागते, आणि तेवढ्या काळात हिमनद्या पुन्हा येऊन किती खोल कोरतील याचा अंदाज त्यांनी पूर्वी केव्हा आणि किती कोरले यावरूनच बांधता येतो.

आकड्यांच्या आधीचा क्रम

एकेकाळी हिमनद्या आजच्यापेक्षा खूप लांबवर पसरल्या होत्या, ही कल्पना आल्प्समधल्या डोंगरी माणसांना विद्वानांच्या आधी सुचली. बान्य दरीतला शेतकरी आणि शिकारी जाँ-पिएर पेरोदँ याने दरीत एकाकी पडलेले प्रचंड दगड पाहून ती बोलून दाखवली. अभियंता इग्नात्स व्हेनेत्स आणि खाणतज्ज्ञ जाँ द शार्पांतिए यांनी ती पुढे नेली. लुई आगासी यांनी १८३७ मध्ये नशाटेल येथील भाषणात ती जगापुढे ठेवली आणि ‘हिमयुग’ हा शास्त्रीय चर्चेचा विषय झाला.

हिमयुग एक की अनेक, हा लगेचच पुढचा प्रश्न होता. आदोल्फ मोर्लो यांनी १८५० च्या दशकात जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला द्राँस नदीच्या कडेला हिमनदीने टाकलेल्या मातीचे दोन थर दाखवले. दोहोंच्या मध्ये नदीच्या गोट्यांचा जाड थर होता. झुरिकजवळच्या लिग्नाइटच्या खाणींत ओस्वाल्ड हेर यांना हिमनदीच्या दोन थरांमध्ये दबलेले जंगल सापडले. इन्सब्रुकच्या उत्तरेला हॉटिंगचा ब्रेकशिया नावाचा टोकदार दगडांचा घट्ट झालेला थर आहे. तिथल्या अनेक जुन्या इमारती त्याच दगडाच्या. त्याच्या खाली हिमनदीची माती, वरही हिमनदीची माती, आणि आत आजच्यापेक्षा उबदार हवामान सांगणाऱ्या वनस्पतींचे ठसे, त्यात आता काळ्या समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एका रोडोडेंड्रॉनचा निकटचा भाईबंदही. दोन हिमकालांच्या मध्ये मोठा उबदार काळ होऊन गेला, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी जागा त्या वेळी दुसरी नव्हती.

या सगळ्याला चौकट दिली ती आल्ब्रेख्ट पेंक आणि एडुआर्ड ब्र्यूक्नर यांनी. १९०१ ते १९०९ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तीन खंडांच्या ग्रंथात आल्प्सचे चार हिमकाल मांडले गेले आणि त्यांना दक्षिण जर्मनीतल्या लहान नद्यांची नावे मिळाली : ग्युंझ, मिंडेल, रिस, व्युर्म. पद्धत क्षेत्रीय निरीक्षणाची होती. पर्वतापुढच्या प्रदेशात गोट्यांच्या थरांच्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरीचा वरच्या बाजूला माग काढत गेले की ती एखाद्या हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या बांधाच्या, कडेला जाऊन भिडते, म्हणजे ते गोटे त्या हिमनदीच्या वितळपाण्याने आणलेले. उंचावरची पायरी जुनी, खालची नवी. आकडा हाती नसताना फक्त पायांनी आणि डोळ्यांनी उभा केलेला हा क्रम आजही मोठ्या अंशी टिकून आहे, आणि त्याबद्दल त्या दोघांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

अडचण झाली ती त्या चौकटीच्या यशामुळे. चार हिमकाल हा जगभराचा नियम समजला गेला. हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांनी काश्मीर आणि पोटवार पठाराचा अभ्यास करून १९३९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही हिमालयाचे हिमकाल आल्प्सच्या चौकटीशी जोडलेले होते, आणि भारतीय अश्मयुगाची कालगणना त्या जोडणीच्या आधाराने बरीच वर्षे चालली. इकडे खुद्द आल्प्समध्ये चाराच्या मागे आणखी नावे लागत होती : बार्टेल एबर्ल यांनी १९३० मध्ये डोनाउ, पुढे इंगो शेफर यांनी बीबर. मग समुद्रतळाचा गाळ बोलू लागला. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये आणि निकोलस शॅकलटन व नील ओपडाइक यांनी १९७३ मध्ये सूक्ष्म शंखांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून दाखवले की थंड-उबदार अशी आवर्तने चारपेक्षा कितीतरी अधिक झाली. जॉर्ज कुक्ला यांनी १९७७ मध्ये जुनी आल्पीय नावे सोडूनच द्यावीत असे सुचवले. ख्रिश्चन श्ल्युख्टर यांनी १९८० च्या दशकात एकट्या स्वित्झर्लंडच्या थरांत किमान १५ हिमप्रगती मोजल्या. नावे मात्र गेली नाहीत. एका गटाचे म्हणणे असे की ती क्षेत्रीय नकाशांवर आहेत, थर ओळखायला उपयोगी आहेत, म्हणून ठेवावीत. दुसऱ्या गटाचे म्हणणे, ‘रिस’ म्हटले की प्रत्येकाच्या मनात वेगळा काळ असतो, मग त्या नावाने काय साधते? दोन्ही बाजू रास्त आहेत, आणि हा तिढा स्वतंत्र वय मिळाल्याखेरीज सुटणारा नव्हता.

बाउमकिर्खेनची चिकणमाती

पहिले स्वतंत्र वय दिले कार्बन-१४ ने. विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत उभी केली. जिवंत असताना वनस्पती हवेतला कार्बन घेत राहते; मेल्यावर तिच्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. दरीच्या गाळासाठी या पद्धतीने काय केले हे पाहायचे तर इन्सब्रुकच्या पूर्वेला बाउमकिर्खेन या गावी जायला हवे. तिथे विटांसाठी खणल्या गेलेल्या चिकणमातीत बारीक पट्टे आहेत आणि वरच्या अंगाला, नदीच्या गोट्यांनंतर, शेवटच्या हिमकालाची माती आहे. इन्सब्रुकचे फ्रान्झ फ्लिरी यांनी या चिकणमातीत अडकलेल्या फांद्या शोधून काढल्या. १९७० च्या आसपास त्यांची कार्बन वये आली : साधारण ३१ ते २७ हजार कार्बन वर्षे.

या आकड्यांनी समजूत उलटीपालटी केली. व्युर्म हिमकालात इन दरी दीर्घकाळ बर्फाखाली होती असे धरले जात होते. फांद्या सांगत होत्या की तोवर आल्प्सच्या अगदी आतल्या या दरीत बर्फ नव्हता, तळे होते, काठावर झुडपे होती. म्हणजे त्यानंतरच्या काही हजार वर्षांत हिमनद्या दरीत उतरल्या, इन्सब्रुकवर दीड किलोमीटरहून जाड बर्फ चढला आणि तो पर्वत ओलांडून बव्हेरियाच्या सपाटीवर पसरला. इतक्या वेगाने! आल्प्समध्ये मध्य व्युर्म संपून उत्तर व्युर्म सुरू होतो ती सीमा ठरवण्यासाठी पुढे हीच जागा प्रमाण मानली गेली.

तरी प्रश्न उरलेच. कार्बन पद्धतीची मर्यादा सुमारे ५० हजार वर्षे, आणि मर्यादेजवळ थोडीशी भेसळही महागात पडते. अतिप्राचीन लाकडात, ज्यात मूळचा कार्बन-१४ काहीच उरलेला नाही, अवघा एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर त्याचे वय सुमारे ३७ हजार वर्षे येते. त्यामुळे जुन्या प्रयोगशाळांतून आलेल्या ३५ ते ४५ हजारांच्या आकड्यांकडे आता साशंकतेने पाहतात. चुनखडीच्या प्रदेशातली तळी उलटी चूक घडवतात : खडकातला जुना, मृत कार्बन पाण्यात विरघळतो, पाणवनस्पती तो घेतात, आणि त्यांचे वय खऱ्याहून जास्त येते. म्हणून जमिनीवरच्या झाडांची पाने, बिया, काटक्याच निवडायच्या हा दंडक झाला. कण-त्वरकाने अणू थेट मोजता येऊ लागल्यावर काही मिलिग्रॅम कार्बन पुरू लागला, तेव्हा कुठे तो पाळणे शक्य झाले.

बाउमकिर्खेनचा पुढचा अध्याय मला या विषयातला सर्वांत बोधक वाटतो. ख्रिस्टोफ श्प्योटल यांच्या गटाने तिथे नवी विवरे खणून संपूर्ण गाभे काढले. वरून खालपर्यंत तीच राखाडी चिकणमाती, तेच पट्टे. अखंड एका तळ्याचा गाळ म्हणून कोणीही मान्य केला असता. वये काढल्यावर दिसले की तळी दोन होती. वरच्या तळ्याचा गाळ, कार्बन वर्षांत नव्हे तर कॅलेंडर वर्षांत, साधारण ४५ ते ३३ हजार वर्षांपूर्वीचा, खालचा त्याहून बराच जुना, ७० हजारांच्या पलीकडे पोचणारा. मधल्या काळाचा काहीही साठा तिथे नाही. गाळ साचण्याचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर होता, म्हणजे मोठी जाडी थोड्या काळात उभी राहिली आणि हजारो वर्षांची तूट डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रेषेत मावली. दरीतल्या जाड थरांकडे पाहून ‘इतका गाळ म्हणजे इतका काळ’ असा हिशेब मांडणे किती धोक्याचे आहे, ते या गाभ्यांनी दाखवून दिले.

उजेड शेवटचा कधी दिसला

कार्बन जिथे थांबतो तिथून पुढे ल्युमिनेसन्सवर भिस्त आहे. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण गाळाखाली गाडले गेले की आसपासच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्साराने त्यांच्या स्फटिकांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. सूर्यप्रकाश पडला की ते सुटतात आणि हिशेब शून्यावर येतो. प्रयोगशाळेत कणावर प्रकाश टाकून, इलेक्ट्रॉन सुटताना बाहेर पडणारा उजेड मोजला की तो कण शेवटचा उजेडात कधी होता हे काढता येते. डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे प्रकाशाच्या साहाय्याने करून दाखवले. अँड्र्यू मरी आणि अ‍ॅन विंटल यांनी २००० मध्ये एकाच नमुन्यावर सगळी मोजणी करण्याची रीत बसवून दिली.

येथे वयासाठी सेंद्रिय अवशेष लागत नाहीत, वाळू पुरते. आल्प्सच्या दऱ्यांत ही मोठी सोय आहे, पण अडचणीही त्याच दऱ्यांच्या आहेत. हिमनदीखालून निघणारे गढूळ पाणी, लोंढ्याने धावणारी वाळू, थोडेच अंतर : कणांवर उजेड पुरता पडतच नाही. हिशेब शून्यावर न आल्याने वय फुगते. आल्प्समधला क्वार्ट्झ मुळातच मंद चमकतो. तो लवकर भरूनही जातो. नेहमीच्या किरणोत्साराच्या मात्रेत साधारण ६०-७० हजार वर्षांच्या पुढे त्याच्यावर विसंबणे कठीण होते. फेल्डस्पार अधिक मागे नेतो, पण त्याचे इलेक्ट्रॉन आपोआप गळत राहतात, हे विंटल यांनीच १९७३ मध्ये दाखवले होते, आणि त्यामुळे वय कमी येते. शिवाय गाळात हजारो वर्षे किती पाणी मुरलेले होते याचा अंदाज करावा लागतो. पाणी किरणोत्सार शोषते, म्हणून तो अंदाज काही टक्के चुकला की वयही जवळपास तितकेच टक्के चुकते.

यावर दोन भूमिका दिसतात. एक सावध : हिमनदीच्या अगदी तोंडाजवळचा गाळ या पद्धतीला द्यायचाच नाही, दूरवर वाहून गेलेली वाळू किंवा तळ्याचा वरचा गाळच घ्यायचा. दुसरी भूमिका फ्रँक प्रॉइसर आणि इतरांच्या कामातून दिसते : क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांना उजेडात शून्यावर यायला वेगवेगळा वेळ लागतो, दोघांची वये जुळली तर उजेड पुरेसा मिळाला होता असे म्हणता येते, म्हणजे तपासणी पद्धतीच्या आतच आहे. सुटे सुटे कण मोजून, त्यांतले पूर्ण शून्यावर आलेले वेगळे काढण्याची वाटही आहे. दुसऱ्या भूमिकेकडे माझा कल आहे, मात्र ती तपासणी प्रत्येक ठिकाणी खरोखर केलेली असेल तरच.

ल्युमिनेसन्सची ताकद दोन स्विस ठिकाणी दिसली. झुरिकजवळ नीडरवेनिंगेन येथे १८९० मध्ये रेल्वेसाठी खडी काढताना मॅमथचे सांगाडे सापडले होते. तिथल्या पीटच्या थराची आणि हाडांची कार्बन वये, भोवतीच्या गाळाची ल्युमिनेसन्स वये यांचा मेळ ४५ हजार वर्षांच्या आसपास बसला. बर्नजवळच्या मायकिर्ख येथे मात्र ल्युमिनेसन्सने जुना निवाडा बदलला. तिथल्या गाभ्यातल्या परागकणांवरून माक्स वेल्टन यांनी थरांत दोन वेगवेगळे आंतरहिमकाल, त्यांपैकी एक शेवटचा, ओळखले होते. २००५ मध्ये आलेल्या पुनर्मांडणीने तो सगळा साठा सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या एकाच मोठ्या उबदार पर्वातला, पण तीन स्वतंत्र उबदार टप्प्यांचा ठरवला. परागकणांचे वाचन चुकले नव्हते. जंगल जसे होते तसेच वाचले गेले होते. चुकले ते एवढेच की दोन वेगवेगळ्या काळांतली जंगले सारखी असू शकतात.

विश्वकिरण आणि मुंबईचा धागा

तिसरी मोठी पद्धत दगडाच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या विश्वकिरणांची. हे किरण क्वार्ट्झमधल्या ऑक्सिजनवर आदळून बेरिलियम-१० तयार करतात. समुद्रसपाटीला, ध्रुवांकडच्या अक्षांशावर, ग्रॅमभर क्वार्ट्झमध्ये वर्षाला फक्त चार-एक अणू. उंचीवर हा दर कित्येक पटींनी वाढतो. हिमनदी मागे हटून तिच्या हिमोढावरचा खडक उघडा पडला की अणू जमू लागतात. त्या अणूंच्या संख्येवरून वय काढण्याचे सैद्धांतिक काम ज्यांनी पायापासून रचले त्यांत देवेंद्र लाल हे नाव अग्रभागी आहे. वाराणसीत जन्मलेले लाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांच्याबरोबर काम करत होते. विश्वकिरणांनी पृथ्वीवर कोणते किरणोत्सारी अणू तयार होतात याचा दोघांनी १९६७ मध्ये घेतलेला विस्तृत मागोवा या क्षेत्राचा आधारग्रंथ झाला. उंची आणि अक्षांशानुसार उत्पादनाचा दर कसा बदलतो हे सांगणारा लाल यांचा १९९१ चा निबंध आजही आल्प्सच्या दगडांवर काम करणाऱ्यांच्या हिशेबात असतो. मराठी वाचकाला हा धागा ठाऊक असायला हवा.

सुझन आयव्ही-ऑक्स आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने आल्प्सभरचे हिमोढ पाहिले. ढोबळ चित्र असे : हिमनद्या साधारण २६ ते २४ हजार वर्षांपूर्वी पर्वतापुढे सर्वांत दूर पोचल्या, २१ ते १९ हजारांच्या सुमारास झपाट्याने मागे हटल्या, मग दऱ्यांच्या आत काही वेळा पुन्हा पुढे आल्या. यातला ग्श्निट्स टप्पा ट्रिन्स गावच्या सुबक हिमोढावरून ओळखला जातो. तिथल्या दगडांचे वय २००६ मध्ये सुमारे १५,४०० वर्षे दिले गेले. पुढे उत्पादनाचा दर आधीच्या अंदाजाहून कमी असल्याचे जगभरच्या नव्या मोजण्यांत दिसले, आणि तेच दगड १६ हजारांच्या पलीकडे गेले. नमुना तोच, अणू तेवढेच, वय मात्र बदलले. म्हणून दोन दशकांपूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

मतभेद बारीकसारीक वाटतात, पण निकाल बदलतात. एका हिमोढावर पाच दगडांची पाच वये आली तर सर्वांत जुने धरायचे की सरासरी? जुने धरणारे म्हणतात, हिमोढ हळूहळू खचतो, दगड उशिरा उघडे पडतात किंवा उलटतात, म्हणून बहुतेक वये कमीच असणार. सरासरी धरणारे म्हणतात, एखादा दगड कड्यावरून आधीचेच अणू घेऊन आलेला असू शकतो. हिवाळ्यातल्या बर्फाच्या थराने किरण अडतात त्यासाठी किती टक्के सुधारणा करायची, यावरही एकवाक्यता नाही. आणि मूळ मुद्दा हा की हे वय हिमोढाचे आहे. दरीतल्या गाळाचे वय त्यावरून काढायचे तर गाळ आणि हिमोढ यांचा क्षेत्रातला संबंध आधी सिद्ध करावा लागतो. तिथे पेंक यांचीच जुनी पद्धत पुन्हा कामी येते.

जिथे दोन वये एकमेकांना छेद देतात

सर्वांत मोठा तिढा इटलीच्या बाजूला आहे. बर्गामो जिल्ह्यात, इझेओ सरोवराजवळच्या बोर्लेझा दरीत पियानिको-सेल्लेरे येथे एका नष्ट झालेल्या तळ्याचा गाळ उघडा पडला आहे. उन्हाळा-हिवाळ्याचे वार्षिक पट्टे इतके नीट की एका उबदार काळाची १५ हजारांहून अधिक वर्षे एकेक करून मोजता आली. हॉटिंगच्या ब्रेकशियातल्या रोडोडेंड्रॉनचे ठसे येथेही आहेत. गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पातळ थर सापडला. २००१ मध्ये दानिएले पिंती आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियम-आर्गन पद्धतीने त्या राखेचे वय सुमारे ७ लाख ७९ हजार वर्षे दिले. २००७ मध्ये आखिम ब्राउअर यांच्या गटाने राखेतल्या काचेची रासायनिक घडण दक्षिण इटलीतल्या रोक्कामोन्फिना ज्वालामुखीशी जुळवून हे तळे सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे मांडले.

फरक जवळपास दुपटीचा. पहिल्या बाजूचा आधार थेट किरणोत्सारी मोजणीचा आहे. तिच्यावरचा आक्षेप असा की दूरवर उडून आलेल्या राखेत जुने स्फटिक मिसळले तर वय वाढते. दुसऱ्या बाजूचा आधार जुळणीचा आहे. आक्षेप असा की एकाच प्रदेशातले ज्वालामुखी वेगवेगळ्या काळी सारखी राख फेकू शकतात. आणि यात निव्वळ अचूकतेचा हट्ट नाही. या दोन्ही काळांतली पृथ्वीची कक्षा आजच्यासारखी जवळपास वर्तुळाकार होती, म्हणून आपला उबदार काळ नैसर्गिकरीत्या किती चालला असता हे जाणायला दोन्ही काळ आदर्श मानले जातात. पियानिकोचे पट्टे नेमक्या कोणत्या काळाची साक्ष देतात हे ठरल्याखेरीज ती साक्ष पुरती वापरता येत नाही.

राख नेहमीच असा पेच टाकत नाही. जर्मनीतल्या लाखर झे ज्वालामुखीची राख स्विस तळ्यांपर्यंत पोचली. राखेखाली गाडलेल्या झाडांच्या वलयांवरून तिचे वय २०२१ मध्ये सुमारे १३,००६ वर्षे असे अतिशय नेमके ठरले, आणि आता ती राख ज्या तळ्यात सापडेल तिथे एक पक्की खूण हाती येते.

दुसरा छेद झुरिकच्या उत्तरेला इर्खेल टेकडीवर आहे. तिथले उंचावरचे गोट्यांचे थर हिमनद्यांच्या सर्वांत जुन्या साठ्यांत गणले जातात. त्यात सापडलेल्या लहान सस्तन प्राण्यांच्या दातांवरून ते १८ लाख वर्षांहून जुने धरले गेले. गाडल्या गेल्यावर बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ वेगवेगळ्या वेगाने क्षय पावतात, त्या प्रमाणावरून काढलेली वये मात्र १० लाखांच्या आसपास आली. दात जुन्या थरातून वाहून आलेले असतील का? की अणूंच्या हिशेबातली गृहीतके सैल आहेत? इटलीच्या लोंबार्दी मैदानातल्या गाभ्यांच्या चुंबकीय अभ्यासातून जोव्हान्नी मुत्तोनी आणि इतरांनी आल्प्सच्या मोठ्या हिमनद्यांची सुरुवात सुमारे ८ लाख ७० हजार वर्षांपूर्वी मांडली आहे. तिच्याशी अणूंचे उत्तर अधिक जुळते. परंतु दात अजून तिथेच आहेत आणि त्यांचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळालेले नाही.

आधी थर कशाचा ते ओळखा

वयाच्या वादात एक गोष्ट मागे पडते : थर हिमनदीचाच आहे का? फ्लिम्स येथील दरड आल्प्समधली सर्वांत मोठी. तिच्या ढिगाऱ्यावर हिमनदीने आणल्यासारखे दगड होते, म्हणून ती हिमनदी असतानाच्या काळातली मानली जात होती. लाकडाची कार्बन वये आणि विश्वकिरणांनी तयार होणाऱ्या क्लोरिन-३६ ची वये दोन्ही सुमारे ९,४०० वर्षे आली, तेव्हा त्या दरीत बर्फ कधीच ओसरला होता. ते दगड दरडीनेच आपल्या अंगावर वाहून आणले होते. ओट्स दरीतल्या क्योफेल्स दरडीचेही असेच. एकेकाळी तिचा संबंध उल्कापाताशी लावला गेला, तर गाडलेल्या लाकडावरून तिचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे ठरले. या दोन्ही दरडींमागे तळी साचली आणि त्यांचा गाळ दरीत बसला. अशा गाळाला वितळत्या हिमनदीचा गाळ समजले की पुढचा सगळा इतिहास सरकतो. प्रयोगशाळेतल्या आकड्याला दशांशापर्यंत जपणारे आपण क्षेत्रातल्या या पहिल्या पायरीला कधीकधी पुरेसा वेळ देत नाही, असे मला मनापासून वाटते.

अजून न सुटलेले

आज सर्वाधिक चर्चा आहे ती सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या थंड पर्वाची. पश्चिमेला, स्विस सपाटीवर, त्या वेळी हिमनद्या पर्वताबाहेर आल्या होत्या असे ल्युमिनेसन्सच्या वयांवरून प्रॉइसर आणि इतर मांडतात. लियाँच्या बाजूला तर हिमनदीचा सर्वांत मोठा विस्तार २६-२४ हजारांच्या नव्हे, त्याआधीच्या टप्प्यात झाला असे अलीकडच्या वयांतून पुढे आले आहे. पूर्वेला बाउमकिर्खेनचे जुने तळे आणि खालच्या इन दरीतले उंटरआंगरबर्गचे गाभे उलट सांगतात : त्या थंडीत मुख्य दरीत बर्फ शिरल्याची खूण नाही. जुलियाँ सगिनो आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या संगणकीय प्रतिमानात दोन्ही बाजूंना बर्फ वाढलेला दिसला आणि हिमजिभांचे कमाल विस्तार एकाच वेळी न होता पुढेमागे झालेले दिसले. पाऊस-बर्फ घेऊन येणारे वारे कधी वायव्येकडून, कधी भूमध्य समुद्राकडून येत असल्याने पूर्व-पश्चिम फरक पडणे अशक्य नाही; झीबनहेंगस्टे गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांवरून शेवटच्या हिमकालात दक्षिणेकडच्या वाऱ्यांचा प्रभाव वाढल्याचे २०१५ मध्ये दाखवले गेले. पण फरक हवामानाचा की दोन्हीकडच्या ल्युमिनेसन्स वयांतल्या त्रुटींचा, हे अजून वेगळे करता आलेले नाही. त्यासाठी पश्चिमेला बाउमकिर्खेनसारखा, कार्बन आणि ल्युमिनेसन्स दोन्ही देणारा लांब गाभा हवा आहे.

खोल कोरलेल्या दऱ्यांच्या तळाशी काय आहे, हाही तितकाच मोकळा प्रश्न. बराचसा भराव शेवटच्या बर्फानंतर थोड्याच काळात बसला असे एक मत. तळाशी दोन-तीन हिमकालांपूर्वीचे साठे टिकून आहेत असे दुसरे. आंतरराष्ट्रीय ‘डव्ह’ प्रकल्पाने २०२१ पासून टानवाल्ड, बाझाडिंगेन अशा ठिकाणी विवरे खणून गाभे मिळवले आहेत, आणि काही जागी दुसऱ्या मताला पुष्टी देणारे जुने थर दिसतातही. मात्र ही विवरे बहुतांशी पर्वतापुढच्या सपाटीवरची आहेत. ऱ्होन किंवा इन यांच्या मुख्य दरीत, खडकापर्यंत पोचणारा आणि वयासाठी सलग नमुने देणारा गाभा मिळणे खर्चाचे आणि कठीण काम आहे. शिवाय इतक्या खोलीवरच्या गाळासाठी कार्बन निरुपयोगी, क्वार्ट्झ भरून गेलेला आणि गाडल्या गेलेल्या अणूंची पद्धत अजून काही लाख वर्षांखाली अचूक न होणारी. म्हणजे १ लाख ते ५ लाख वर्षांच्या मधल्या टप्प्यासाठी फेल्डस्पारच्या नव्या मोजण्यांवरच सध्या सगळा भार आहे. इलेक्ट्रॉन न गळू देणाऱ्या, अधिक तापमानावर केलेल्या या मोजण्या थंड, गढूळ वितळपाण्यातल्या कणांवर किती विश्वासार्ह ठरतात, याच्या चाचण्या निरनिराळ्या प्रयोगशाळांत चालू आहेत.